तिसऱ्यांदा विचारलं तरच बसायचं

सिस्टरबाई, बसा. खाली नगं, ह्या पाटावर बसा. तुमी नवीन, तुमची काय चूक न्हाई, पन सांगायला पायजे. परवा भीमाबाईनं तुमाला चहा इचारला आन तुमी पैल्याच हाकेला "हो, द्या ना" म्हनलात. म्हनलात ना? आता लाजू नका. दुपारच्याला नळावर सगळ्या बायांच्या तोंडात त्येच. "नवी सिस्टर लई मोकळी हाय गं." मोकळी म्हंजी चांगली असं समजू नका. आमच्या वाडीत मोकळी म्हंजी हावरी.

तुमी ज्या घरात भाड्यानं राहाताय ना, त्या घरात मनकर्णा आत्या राहायची. ती असती तर तुमी यष्टीतनं फाट्यावर उतरल्या उतरल्या तुमचा हात धरला असता आन सगळं सांगून मंगच वाडीत आनलं असतं. ते तिचं कामच हुतं. कुनी नेमलेलं न्हाई, पगार न्हाई. नवीन मास्तर येवो, पवनचक्कीवाले येवोत, पुन्याचे प्लॉट बघायला येनारे गॉगलवाले येवोत, नवी नवरी येवो, आत्या फाट्यावर हजर. "पानी दिलं तर नगं म्हनू नका, तोंड तरी लावा. कुनाच्या म्हशीला दूध किती ते इचारू नका. बांधावरची बोरं तोडायच्या आधी बांध कुनाचा ते इचारा. निघताना 'जातो' म्हनू नका, 'येतो' म्हना." आन शेवटी दम दिल्यावानी बोट नाचवून, "आन खायाला इचारलं तर दोनदा नगं म्हनायचं. तिसऱ्यांदा इचारलं तरच बसायचं."

लोक हसायचे तिला. एक प्लॉटवाला तर म्हनला, "आजी, पुस्तक छापा." आत्या त्याला म्हनली, "छापते, पन तुला वाचता येनार न्हाई." अशी हुती. जिभेला हाड नव्हतं.

मी भिंगारची. लष्कराच्या शेजारची, बाजारात वाढलेली. अठ्ठावीस वर्सांपूर्वी नवरी म्हनून ह्या वाडीत आले तवा टेम्पोतनं उतरताना पदर नीट करायच्या निमित्तानं आत्या कानाशी आली आन हाच मंतर दिला. घरात गेले, नंदेनं ताट आनलं, पोटात कावळे कोकलत हुते. म्हनले नगं. परत म्हनले नगं. तिसऱ्यांदा सासूनं स्वतः म्हनलं, "घे गं पोरी." तवा बसले. सासू शेजारनीला म्हनली, "पोरगी वळनाची हाय." त्या एका शब्दावर माझं ह्या वाडीत बस्तान बसलं, सिस्टरबाई. आत्यानं बसवलं. ह्ये मी आधीच सांगून ठेवते, म्हंजी पुढं मी काय केलं ते तुमाला नीट कळंल.

तिला स्वतःला कुनी सांगितलं नव्हतं. ती कोल्हारची. प्रवरेच्या काठची, पाटाच्या पान्यावरची, उसाच्या फडात लहानाची मोठी झालेली. तिकडं जेव म्हनलं की जेवायचं, त्यात काय इचारायचं? लगीन झालं ते मोठ्या दुष्काळाच्या सालात. नवरी दिवसभर उपाशी, उन्हातनं आलेली. सासरच्या वट्यावर जावेनं भाकरी-पिठलं म्होरं केलं, "घे गं." हिनं घेतली. खाल्ली. ताट पुसून खाल्लं.

त्या घरात त्या दिशी तेवढीच भाकरी हुती. सासूच्या वाट्याची.

आता तुमी म्हनाल, मंग इचारलं कशाला? अवो, तेच तर. दुष्काळी मुलूख आमचा. पैल्यांदा इचारायचं ते मानासाठी. दुसऱ्यांदा इचारायचं ते शेजारधर्मासाठी. दोन्ही वेळेला पाव्हन्यानं नगं म्हनायचं, कारन मडक्यात पीठ हाय का न्हाई ते त्याला ठावं नसतंय. घरधन्याची अब्रू ऱ्हाती, पाव्हन्याची बी ऱ्हाती. पीठ असंल तर घरधनी तिसऱ्यांदा इचारनार. तिसरं इचारनं खरं. आता घराघरात रेशनचं धान्य हाय, फ्रीज हाय, पन चाल काय गेली न्हाई. सुंभ जळाला तरी पीळ जळत न्हाई.

तर मनकर्णा आत्याचं नाव पडलं हावरी. अठरा वर्सांची पोर. इहिरीवर गेली की बाया म्हनायच्या, "हावरी आली, घागरी सांभाळा." ह्यातलं निम्मं भीमाबाईनं चालवलं. तीबी तवा नवीच नवरी हुती, आन आपल्यावरचं ध्यान दुसरीवर गेलं की बरं वाटतंय मानसाला. आत्याचा सहादेव शाळेत जायला लागला तर पोरं त्याला "हावरीचा" म्हनायची. एकदा रडत घरी आला तवा आत्यानं त्यालाच बडवला. नवरा मेला त्या दिशी सुदिक कुनीतरी मागं कुजबुजलं. पन्नास वर्सं, सिस्टरबाई. तिनं त्यानंतर कुनाच्या दारात पैल्या-दुसऱ्या हाकेला पान्याशिवाय काय तोंडाला लावलं न्हाई. सन न्हाई, बारसं न्हाई, काय न्हाई. नाव पुसून काढायचं हुतं तिला. म्हातारपनी जरा पुसलं बी हुतं. पोरं आता तिला फाट्यावरची आजी म्हनायची.

आता माझं ऐका.

मागल्या साली माझ्या नातवाचं, पार्थचं, जावळ काढलं. मांडव घातला, पुरनपोळीची पंगत. माझा हर्षल वाढत हुता. तो चाकनला कंपनीत, त्याला काय चाली-रिती ठाव्या न्हाईत, हातात पोळ्यांचं ताट घिऊन पळतोय नुसता. आत्याच्या पानापाशी आला. "घ्या आजी." "नगं रे बाबा." "घ्या हो." "नगं, कुठं भूक हाय आता." हर्षल पुढं गेला! सरळ पुढच्या पानाला गेला. आत्याच्या पानावर मीठ आन लिंबाची फोड, एवढंच. ती तशीच बसली, पंगत उठली तवा उठली, हात धुतला आन गेली. मला कुनी सांगितलं न्हाई. मी आत पोळ्या भाजत हुते, मला काय सपान पडनार हुतं?

दुसऱ्या दिशी नळावर आत्या म्हनली, सगळ्यांच्या देखत, "सुरेखाच्या घरी दोनदाच इचारत्यात."

बास. एवढंच. पन ते वाक्य आमच्यात म्हंजी तोंडाला काळं. सव्वाशे मानूस जेवलं, तीन पायल्यांचं पुरन शिजवलं, आन वाडीभर झालं काय, तर सुरेखा दोनदाच इचारती. माझ्या अंगाची लाही लाही झाली. घरी येऊन मी भांडी आपटली, हर्षलला शिव्या घातल्या, आन मनाशी म्हनले, बरं हाय आत्या. तू म्हनतीस ना दोनदाच? तर दोनदाच. तुझ्याच मापानं मोजून देते.

तवापास्नं मी तिला कायम इचारायची. रस्त्यात, दारात, नळावर. "आत्या, चहा घ्या." "नगं गं." "घ्या की." "नगं." बरं, म्हनायची आन वळायची. मोजून दोन. तिला कळायचं. तिचं तोंड जरासं व्हायचं आन मला लई बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

मंग मार्गशीर्षात एका रविवारी ती पान्याच्या टाकीपाशी शेवाळावरनं घसरली. उजव्या हातावर पडली. मनगट हे एवढं सुजलं. तिनं हळद-तेल लावून वर फडकं गुंडाळलं. इचारलं की, "मुरगळलाय, दोन दिसात बसंल." तवा उपकेंद्राला कुलूप हुतं, तुमच्या आधीची सिस्टर बदलून गेल्ती. सहादेव भिंगारला, लष्कराच्या कामावर, क्वार्टरात राहातो. फोन करायचा रोज. "आई, जेवलीस का?" "जेवले." "नक्की?" "जेवले म्हनते ना." झालं. त्यो बी दोनदाच. पोटचा पोरगा, पन वाडीतच वाढलेला.

घरात पीठ हुतं. डाळ हुती. तांदूळ हुते. पन गॅस त्याच आठवड्यात संपला. टाकी बदलायला दोन हात लागत्यात, चुलीला लाकडं फोडायला दोन हात लागत्यात, भाकरीला दोन हात लागत्यात. आन कुनाला "माझी टाकी लावून दे रे" म्हनायचं, तर तिच्या जिवावर येत हुतं. सगळ्या जगाला सल्ले देनारी बाई, पन मागायचं कसं ते तिला कुनी शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या दिशी सकाळी माझ्या भितीपलीकडनं आवाज आला. थाप. मंग थांबलं. मंग थाप. सिस्टरबाई, भाकरी थापायचा आवाज मी जन्मभर ऐकलाय, झोपेत बी वळखीन. दोन हातांचा आवाज येगळा असतोय. ह्यो एका हाताचा हुता. डाव्या. आन त्यामागनं ना धूर, ना भाजल्याचा वास. म्हातारी नुसती परात बडवत हुती, आमाला ऐकू जावं म्हनून. शेजाऱ्यांना वाटावं की हिचं चाललंय.

मला कळलं. कळलं न्हाई असं मी देवाच्या पायरीवर बी म्हननार न्हाई. मला त्याच घटकेला सगळं कळलं.

मी उठून तिच्या दारात गेले. ती उंबऱ्यात बसली हुती, तोंड उतरलेलं, ताप असावा. म्हनले, "आत्या, झालं का जेवन?"

"झालं गं."

"या की आमच्यात. वांग्याचं कालवन केलंय."

"नगं बाई. पोट भरलंय."

आन ती माझ्या तोंडाकडं बघायला लागली. डोळ्याकडं न्हाई, तोंडाकडं. लहान पोर आईच्या हाताकडं बघतंय तसं. ती वाट बघत हुती. माझ्या जिभेवर शब्द आला हुता, सिस्टरबाई, इथं, दातापाशी. एक शब्द. "चला." एवढंच म्हनायचं हुतं.

मी म्हनले, "बरं, येते."

दुसऱ्या दिशी परत गेले. परत दोनदा. तिसऱ्या दिशी परत. असं समजू नका की मी गेलेच न्हाई. रोज गेले. रोज तिनं तोंडाकडं बघितलं. मी घरी येऊन जेवायला बसायची आन घास गोड लागायचा न्हाई, मंग मला तिचाच राग यायचा. म्हनायची, एवढा कसला ताठा? एकदा "व्हय" म्हनली तर जीभ झडंल का? माझी जीभ झडत हुती का, ते काय मी मला इचारलं न्हाई.

आन मी एकटी न्हाई. भीमाबाई जायची काठी टेकत. केशरबाई जायची. सगळी वाडी वळनाची. सगळ्यांनी इचारलं, सगळ्यांनी दोनदा इचारलं. वाडीला वाटायचं, सुरेखा शेजारची, ती देत असंल. गूळ-शेंगदाने हुते तिच्याकडं थोडं, त्येच चघळायची. पन दात कुठं हुते?

बेस्तरवारी फक्रुद्दीनभाई आले. भिंगारचे, टोस्ट-खारीचा टेम्पो घिऊन दर बेस्तरवारी येत्यात, माझ्या माहेरचे म्हनून मला ताई म्हनत्यात. त्यांनाबी पैल्या दिशी आत्यानंच फाट्यावर धडा दिला हुता. त्यांनी तिचा हात बघितला, तोंड बघितलं. पुडा काढून म्हनले, "मावशी, घ्या." "नगं." "घ्या, ताजं हाय." "नगं बाबा." "मावशी, मी तिसऱ्यांदा सांगतोय, घ्या."

घेतला की हो! लगेच घेतला. तिथंच टेम्पोला टेकून, डाव्या हातानं टोस्ट पान्यात बुडवून खायला लागली. एक, दोन, चार. भसाभसा. हनवटीला लाळ, पदरावर चुरा. आन समोरच्या वट्यावरनं भीमाबाई वरडली, "अगं बघा गं, हावरी उभ्यानं खाती!"

आत्याचा हात थांबला. पन्नास वर्सं पुसत आनलेलं त्ये नाव परत. तिनं उरलेला पुडा फक्रुद्दीनभाईंच्या हातात ठेवला, तोंड पुसलं आन घरात गेली. दार लावून घेतलं. त्यानंतर ती उंबऱ्यात बी बसली न्हाई.

फक्रुद्दीनभाई माझ्या दारात आले. म्हनले, "सुरेखाताई, मावशी भुकेली हाय. बघा जरा." सरळ सांगितलं त्यांनी मला. मी म्हनले, "इचारते की मी रोज. नगं म्हनती." मंग त्यांनी तो पुडा माझ्या वट्यावर ठेवला, "तुमी द्या मंग," म्हनले आन गेले.

मी त्यो पुडा फळीवर ठेवला. द्यायचाच हुता. खरंच द्यायचा हुता. पन भितीपलीकडनं परात वाजली, आन मी म्हनले, अजून नखरा हाय ना, मंग वाजव.

तीन-चार दिस वाजली. मंग वाजायची थांबली. ताप, पोटात अन्न न्हाई, एकाहत्तरीचं शरीर. बुधवारी नळाला पानी आलं आन तिची कळशी रांगंत आली न्हाई तवा मी दार ढकललं. आता तुमची खाट हाय ना, तिथंच, भिताडाला टेकून. जवळ परात. परातीत मूठभर पीठ, निम्मं भिजवलेलं, वाळून तडकलेलं. त्यात डाव्या हाताची चार बोटं उठलेली. ती परात मी कुनाला दाखवली न्हाई. घासली आन पालथी घातली.

मंग काय, बैल गेला आन झोपा केला. सहादेव आला, ऊर बडवून रडला. आमच्यात मयताच्या घरी चूल पेटत न्हाई, शेजारपाजारचे कडू घास नेत्यात. त्या एका दिशी त्या घरात बारा घरचं अन्न आलं. पिठलं आलं, भाकरीची चवड आली, आमटीची पातेली आली. मीबी नेलं. आन सहादेवला सगळ्यांनी तीन-तीनदा, चार-चारदा इचारलं. "खा बाबा. खा रे. घे, दोन घास घे." तो नगं नगं म्हनत हुता आन आमी सोडत नव्हतो. पारनेरचा डॉक्टर अशक्तपना म्हनला, वाडी म्हनली वय झालं.

दहाव्याला सगळी वाडी ओढ्यावर. बाया एकीकडं, पुरुष एकीकडं, फक्रुद्दीनभाई लांब रस्त्याच्या कडंला टेम्पोपाशी. पिंड मांडायचं चाललं हुतं. मी रातभर डोळ्याला डोळा लावला नव्हता. मनाशी ठरवलं हुतं, कावळा काय शिवनार न्हाई. कसा शिवंल? दोनदा नगं म्हनल्याशिवाय ती खायची न्हाई. लोक सहादेवला म्हनतील, बोल, तुझं घर सांभाळतो म्हन. तो बोलंल, कावळा न्हाई यायचा. मंग मी पुढं जायचं. सगळ्यांच्या देखत हात जोडायचे आन सांगायचं, आत्या, मी चुकले, मला ठावं हुतं, मी मुद्दाम केलं. चला, जेवायला चला. तिसऱ्यांदा. त्ये वाक्य मी चार दिस घोकत हुते, सिस्टरबाई. तेवढं एकदा बोलले असते तर माझा जीव मोकळा झाला असता.

सहादेवनं पिंड ठेवला. हात जोडायला तो मागं सरकतोय न सरकतोय तवर बाभळीवरनं कावळा सरळ खाली आला. कुनी हाक मारली न्हाई, कुनी शब्द दिला न्हाई. आला आन तुटून पडला. भात उडवीत, मान हलवीत, दुसऱ्या कावळ्याला जवळ येऊ दीना.

आन भीमाबाई काठीवर हनवटी टेकून म्हनली, "हावरी ती हावरीच. मेल्यावर बी दम निघाला न्हाई."

आधी कुनीतरी पोर फिसकन हसलं. मंग केशरबाईनं तोंडाला पदर लावला. मंग पुरुषांकडनं बी आवाज आला. सहादेव खाली मान घालून हुता. लहानपनी शाळेतनं यायचा तसा.

मी पाऊल पुढं टाकलं हुतं, सिस्टरबाई. तोंड उघडलं हुतं. उघडलेल्या तोंडानं मीबी हसले.